आइस हॉकी स्टिकची लांबी
आइस हॉकीत खेळाडूची पोहोच, पकवरील (रबरी चकतीवरील) ताबा व फटक्याचा जोर बऱ्याच अंशी स्टिकच्या लांबीवर अवलंबून असतो. स्केट्स घालून उभे राहिल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. आखूड स्टिकने पक पायांजवळ खेळवून हुलकावणी देणे सोपे जाते. लांब स्टिकमुळे बचावपटूला दुरून पक हिसकावता येतो व जोरकस फटक्यास अधिक तरफबळ मिळते. मात्र जवळचा पक हाताळणे अवघड होते. लांबी कमी करण्यासाठी दांडा कापल्यास स्टिक अधिक ताठ होते. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये कमाल मर्यादा ६३ इंच (सु. १६० सेंमी.) असून किमान ६ फूट ६ इंच उंचीच्या खेळाडूंना परवानगीने ६५ इंचांपर्यंत सवलत मिळते.