मधुमेह आणि रक्तवाहिन्यांची डागडुजी

जानेवारी 1922 मध्ये टोरोंटोच्या इस्पितळात लेनर्ड टॉम्पसन या मुलाला इन्शुलिन टोचले गेले. 11 तारखेची पहिली मात्रा लागू पडली नाही. कॉलिपने अधिक शुद्ध केलेला अर्क 23 तारखेपासून देऊ लागले, तेव्हा मुलगा सावरला. ही कथा आपणांस परिचित आहे. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. ज्या रोगाने मुले पाहता पाहता दगावत, तो अंगी वागवीत माणसे दीर्घकाळ जगू लागली, आणि मग डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची दैना नजरेस येऊ लागली. 1936 साली किमेलस्टील व विल्सन यांनी मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छांत होणारी विकृती वर्णिली. इन्शुलिनने प्राण वाचविले, पण रक्तवाहिन्यांचे दुखणे मागे उरलेच.

साखर रक्तवाहिनीची नासाडी कशी करते, याचा विचार पुष्कळांनी केला. ही नासाडी भरून का येत नाही, हा प्रश्न त्या मानाने उशिरा पुढे आला. आणि माझ्या मते खरा मर्माचा प्रश्न तोच होय. पायाला ठेच लागते, निरोग्याची जखम आठवड्याभरात बुजते, मधुमेह्याची चिघळत जाते. असे का व्हावे?

मूळ पेशींचे अस्तित्व टिल व मॅक्‌कलॉक यांनी 1961 साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले, तेही टोरोंटोतच. पण प्रौढ माणसाच्या रक्तवाहिनीचे अस्तर शेजारच्या पेशींच्या विभाजनानेच सांधले जाते, असा समज पुढेही कायम होता. त्याला धक्का दिला तो 1997 साली. बोस्टनमध्ये असाहारा, इस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तात फिरणाऱ्या अशा पेशी वेगळ्या केल्या, की ज्या नव्या रक्तवाहिन्यांच्या घडणीत सामील होतात. 2002 साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मधुमेह्यांच्या रक्तातील याच पेशी तपासल्या. त्यांची वाढ निरोग्यांच्या मानाने जवळजवळ निम्मी भरली, आणि नव्या नलिकांच्या रचनेत शिरण्याचे त्यांचे कसबही उणे निघाले.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. 2007 साली असे दिसून आले, की या पेशींपैकी बऱ्याचशा वस्तुतः रक्तपेशींच्याच कुळातील आहेत. त्या स्वतः भिंतीची वीट होत नाहीत, केवळ रसायने स्रवून कामाला हातभार लावतात. उत्साहाच्या भरात ज्यांनी घाईने निष्कर्ष काढले होते, त्यांना ते आवरते घ्यावे लागले.

तथापि एक गोष्ट टिकून राहिली. अस्थिमज्जेतून मूळ पेशी रक्तात उतरविणारे एक औषध आहे. इटलीतील पादुआ येथील वैद्यांनी ते देऊन पाहिले. निरोग्यांच्या रक्तात या पेशी वाढल्या, मधुमेह्यांच्या रक्तात वाढल्या नाहीत. 2013 साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे मज्जेतून बाहेर पडण्याची वाटच जणू अडलेली. उंदरांवरील प्रयोगांत तर मज्जेतील बारीक रक्तवाहिन्याही मधुमेहाने झिजलेल्या आढळल्या होत्या.

पेशी टोचून पाय वाचविण्याचे प्रयोग आजही चालू आहेत. तूर्त अशा जखमेवर साखरेचा ताबा, जखमेची स्वच्छता, पायावरचा भार कमी करणे आणि तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करणे, हेच उपाय योजले जातात.