पाडकामाच्या राडारोड्यातून गावाची रोपवाटिका कशी उभारतात?

दौंड तालुक्यातले पाटस हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. हा भाग पर्जन्यछायेत येतो. इथे लावलेले झाड जगायचे तर रोप सशक्त हवे आणि ते जवळच मिळायला हवे. अशा गावात जुनी इमारत पाडली, की राडारोडा ओढ्याकाठी टाकण्याऐवजी त्याच जागेवर रोपवाटिका बांधण्यासाठी वापरता येतो. त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचतो आणि पाण्याची वाटही अडत नाही.

आधी वर्गवारी

बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या कामांसाठी चार गट सांगितले: काँक्रीट; माती; लोखंड, लाकूड व प्लास्टिक; विटा व गिलावा. छोट्या कामातही हीच पद्धत सोयीची ठरते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून असे पत्रे फोडू किंवा कापू नयेत. ते अख्खे वेगळे ठेवावेत.

कोणता माल कुठे?

- डबर: वाफ्यांच्या कडा आणि कुंपणाची बुटकी भिंत.
- विटांचे तुकडे: पायवाटा आणि वाफ्याखालचा निचऱ्याचा थर.
- काँक्रीटचे तुकडे: पाण्याच्या टाकीच्या ओट्याखालची भर. भार पेलणाऱ्या बांधकामात मात्र ते अभियंत्याला विचारूनच वापरावेत.
- वासे आणि सळया: शेडनेटचा सांगाडा.

वाफा साधारण १ मीटर रुंद ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. लांबी जागेप्रमाणे ठरते.

नेमके कुठे चुकते?

राडारोड्याचा चुरा रोपांच्या पिशवीत भरला, की काम बिघडते. सिमेंट आणि चुन्यामुळे मातीचा सामू वाढतो. दख्खनच्या काळ्या जमिनी बऱ्याचदा आधीच चुनखडीयुक्त असतात. सामू वाढला की मुळांना लोह कमी मिळते. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिंबूवर्गीय रोपांत हे लवकर दिसते. दोष खताचा समजून लोक आणखी खत घालतात, पण रोप सुधारत नाही.

म्हणून पिशवीत चांगली माती, वाळू आणि कुजलेले शेणखतच भरावे. पाडकामातली माती वापरायची असेल, तर आधी माती परीक्षण करून घ्यावे. राडारोडा रोपाच्या भोवती आणि खाली चालतो, मुळाशी नाही.