रस्ता सरळ झाला आणि डुलकी गाडीत आली

सुट्ट्यांचे दिवस आहेत, त्यामुळे तुमच्यापैकी बरेच जण हा एपिसोड गाडीतच ऐकत असणार. पुढे दादा किंवा बाबा गाडी चालवतायत, मागे आई, आजी आणि दर दहा मिनिटांनी 'कधी पोचणार?' विचारणारी पोरं. म्हणून आजचा विषयही गाडीतलाच: लांबच्या प्रवासात जागं राहण्याचा इतिहास.

सुरुवात बोरघाटातून करू. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी या घाटातला गाडीरस्ता खुला केला. पुढे जुना मुंबई-पुणे हायवेही याच घाटातून गेला. घरातल्या मोठ्यांना त्या प्रवासाबद्दल विचारून बघा. नागमोडी वळणं, समोरून अंगावर येणारा ट्रक, खोपोलीला चहा-वडापावसाठी थांबणं, शिंग्रोबाच्या देवळापाशी खिडकीतून नाणं टाकणं, लोणावळ्याला चिक्की. प्रवास दमवणारा होता आणि धोक्याचा तर होताच. पण सतत गिअर बदलावा लागायचा, हॉर्न द्यावा लागायचा, थांबावं लागायचं. म्हणजे ड्रायव्हरला जागं ठेवण्याचं बरंचसं काम रस्ताच करत होता.

मग २००२ मध्ये ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता तयार झाला. वेळ वाचला, समोरासमोरच्या टकरीची भीती कमी झाली. पण एक नवीनच शब्द बातम्यांमध्ये दिसायला लागला: हायवे हिप्नॉसिस, म्हणजे महामार्ग संमोहन.

डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण डोक्यात काही शिरत नसतं. तोच सरळ रस्ता, तोच वेग, तोच टायरचा आवाज. मेंदूला नवीन काही मिळालं नाही की तो आळसावतो. आता गणित बघा. १२० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर गाडी कुणीच चालवत नाहीये!

यावर जगभरात डोकी चालली. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये 'कॅट्स आय'चं पेटंट घेतलं. रात्री हेडलाइट पडला की रस्त्याच्या मधोमध मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात, ते हेच. अमेरिकेत न्यू जर्सीच्या गार्डन स्टेट पार्कवेवर १९५२ मध्ये रस्त्याच्या कडेला खाचा असलेलं काँक्रीट टाकलं. गाडी लेन सोडून कडेला गेली की टायरखालून घरघर आवाज यायचा. लोक त्याला गाणारी कड म्हणायचे. हायवेवर गाडी कडेच्या पट्ट्यावर गेल्यावर जो थरथराट होतो, त्याची ही सुरुवात.

आणि गाडीतला रेडिओ? १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' नावाचा कार रेडिओ बाजारात आणला. लगेच वाद सुरू झाला. काहींचं म्हणणं, याने ड्रायव्हरचं लक्ष उडेल. काहींना वाटायचं, गाणी ऐकून झोपच येईल. काही ठिकाणी तर बंदीची भाषा झाली. आज फोनबद्दल आपण तेच भांडतोय.

यात आपल्याकडचा उपाय मला सगळ्यात भारी वाटतो: गाण्याच्या भेंड्या. नुसतं ऐकणं वेगळं आणि उत्तर द्यावं लागणं वेगळं. 'म' आला की 'म'चं गाणं शोधावं लागतं, तेही मागची गँग दहा आकडे मोजून संपवायच्या आत. डोकं कामाला लागतं, डोळे मात्र रस्त्यावरच राहतात. पोरांना नंबरप्लेटवरून गाव ओळखायला लावा. एमएच ०९ कोल्हापूर, १२ पुणे, ३१ नागपूर. मोबाइलशिवाय एक तास आरामात जातो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खरी झोप आली असेल तर भेंड्या, मोठा आवाज, उघडी खिडकी यातलं काहीही पुरत नाही. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर झोप मागतंच. चहा-कॉफीचा परिणाम व्हायलाही वीस-तीस मिनिटं लागतात. उपाय एकच: सुरक्षित जागी थांबा, कॉफी घ्या, पंधरा-वीस मिनिटं झोपा. दर दोन तासांनी खाली उतरा. 'अजून थोडंच राहिलंय' म्हणणाऱ्या काकांना प्रेमाने गप्प करा.

आणि मागच्या सीटवरच्यांनो, बेल्ट. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने तो बाकी सगळ्यांनाही वापरू दिला. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या माहितीनुसार त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, बेल्टही जागेवरच होता.

पूर्वी घाट आपल्याला थांबवायचा. आता रस्ता थांबवत नाही, त्यामुळे ते काम गाडीतल्या माणसांचं आहे. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, बोलायचं. आणि चालवणाऱ्याला जांभया येत असतील तर आम्हाला इथेच पॉज करा, पुढच्या फूड मॉलला गाडी घ्या. एपिसोड कुठे पळून जात नाही. भेटू पुढच्या भागात!