सायकलीचा गिअर : एका जुन्या वादाची हकीकत

पुण्याहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता कात्रजचा घाट चढूं लागला म्हणजे आम्हां सायकलस्वारांचे आपोआप दोन वर्ग पडत असत. कांहीं जण बैठकीवरून उठून, पायडलांवर उभे राहून, हँडलावर सारा भार टाकून वर जात. बाकीचे खालीं उतरून सायकल हातीं धरून चालूं लागत. तरुणपणीं मी पहिल्या वर्गांतला होतों, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. माझा एक मित्र नेमानें दुसऱ्या वर्गांत असे. सपाटीवर तो आमच्या बरोबरीनें येई, पण घाट लागला कीं मागें राही. आणि आम्ही वर बोगद्याशीं बसून त्याची थट्टा करीत वाट पाहत असूं. पुढें एका रविवारीं तो आला नाहीं, आणि मग कधींच आला नाहीं. त्याच्या अंगांत जोर नाहीं, एवढाच निष्कर्ष आम्हीं काढला. दोष त्याच्या छातीचा नव्हता, मागच्या चाकावरील एकुलत्या एक दातेरी चक्राचा होता, हें कळावयास मला पुष्कळ वर्षें लागलीं. आज जी हकीकत सांगणार आहें ती याच चक्राची.

आरंभीं थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. पायडलांच्या जोडीला एक मोठें दातेरी चक्र असतें आणि मागच्या चाकाच्या आंसाशीं एक लहान; दोहोंवरून साखळी फिरते. समजा, पुढच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्याला २४. मग पायडलांच्या एका फेऱ्यांत मागचें चाक दोनदां फिरेल. २८ इंची चाकाचा परीघ सुमारें ८८ इंच; म्हणजे प्रत्येक फेऱ्याला सायकल १७६ इंच, अर्थात् १४ फूट ८ इंच पुढें जाईल. मागें २४ ऐवजीं १६ दात्यांचें चक्र बसविलें तर तीच सायकल एका फेऱ्यांत २२ फूट जाईल. परंतु सृष्टींत फुकट कांहीं मिळत नाहीं. दीडपट अंतराला पायाचा जोरही दीडपट लागतो. सपाटीवर, पाठीवर वारा असतां, हा जोर जाणवत नाहीं. चढणीवर मात्र तोच जोर गुडघे मोडावयास पुरेसा होतो. सारांश, एकच चक्र असलेली सायकल ही एकाच मापाच्या अंगरख्यासारखी आहे. तो कोणा एकाला कोणत्या तरी एका ऋतूंत नीट बसतो. इतरांनीं आपलें अंग त्याच्या मापाचें करून घ्यावें!

साखळी येण्यापूर्वीं तर एवढीही सोय नव्हती. उंच चाकाच्या जुन्या सायकलींत पायडलें पुढच्या चाकालाच जोडलेलीं असत. पायडलांचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणून वेग हवा असेल तर चाक मोठें करावयाचें, आणि चाक किती मोठें करावें याची सीमा स्वाराच्या पायाच्या लांबीनें ठरावयाची. १८८० सालीं मँचेस्टर येथें हान्स रेनोल्ड या मूळच्या स्विस यंत्रज्ञानें नळ्या व रूळ बसविलेली साखळी तयार केली. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यानें जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला साखळीनें गति देणारी 'रोव्हर' सायकल पुढें आणली. १८८८ मध्यें बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्यानें हवा भरलेल्या धावेचें पेटंट घेतलें. आणि १८९१ मध्यें मिशेलां बंधूंनीं चाकावरून सहज काढतां येईल अशी धाव करून पंक्चर काढण्याचें काम कारखान्यांतून रस्त्याच्या कडेला आणलें. अवघ्या अकरा वर्षांत आजची सायकल बहुतेक सिद्ध झाली. राहिला होता तो केवळ घाट.

या घाटाचें कोडें सोडविण्यासाठीं ज्यानें आयुष्य वेंचलें तो गृहस्थ यंत्रज्ञही नव्हता आणि मल्लही नव्हता. त्याचें नांव पॉल द व्हिव्ही. १८५३ सालीं जन्मलेला हा मनुष्य फ्रान्समधील सेंत एतिएन या शहरीं रेशमाचा व्यापार करी. हें शहर रेशमी फितींसाठीं आणि बंदुकांसाठीं प्रसिद्ध होतें. १८८१ सालीं त्यानें पहिली सायकल घेतली आणि तिनें त्याला असें वेड लावलें कीं, १८८७ मध्यें त्यानें सायकलीला वाहिलेलें एक मासिक सुरू केलें आणि पुढें रेशमाचा धंदा सोडून सायकलींचें दुकान थाटलें. मासिकांत तो 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें लिही, आणि त्याच नांवानें तो आजही ओळखला जातो.

सेंत एतिएनच्या बाहेर पडलें कीं सुमारें ११६१ मीटर उंचीच्या एका खिंडीची चढण लागते. असें सांगतात कीं, या चढणीवर व्हेलोसिओ धापा टाकीत चालला असतां एक तरुण वाचक तोंडांत चिलीम धरून आरामांत त्याच्या पुढें निघून गेला. त्या तरुणाच्या सायकलीचा गिअर हलका होता, इतकेंच. दुसरा कोणी असता तर मनांत खजील होऊन गप्प बसला असता. व्हेलोसिओनें विचार केला, आपणही हलका गिअर घेतला तर चढण सोपी होईल, पण मग सपाटीवर पाय व्यर्थ भिरभिरतील. तेव्हां एकाच सायकलीवर दोन्ही असावेत! त्यानें पायडलांशीं दोन आकारांचीं चक्रें बसवून पाहिलीं. चढण आली कीं उतरावयाचें, साखळी हातानें उचलून दुसऱ्या चक्रावर घालावयाची आणि पुन्हां बसावयाचें. हात काळे होत, पण गुडघे वांचत. पुढें त्याच्याच गांवच्या कारागिरांनीं, स्वार चालत्या सायकलीवर असतांनाच साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या युक्त्या काढल्या. इंग्लंडांत निराळा मार्ग निघाला. १९०३ च्या सुमारास नॉटिंगहॅम येथें मागच्या चाकाच्या पोटांतच दातेरी चक्रें दडवून तीन वेग देणारें स्टर्मी-आर्चर यंत्र तयार होऊं लागलें.

येथवर ही एका उपयुक्त शोधाची सरळ कहाणी आहे. वाद निघाला तो पुढें, आणि तो यंत्राचा नसून मानाचा होता.

१९०२ सालीं फ्रान्सच्या प्रवासी मंडळानें पिरेनीज पर्वतांत, २११५ मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीच्या मार्गावर, प्रवासी सायकलींची कसोटी घेतली. तींत मार्त हेस या बाईंनीं तीन वेगांची सायकल चालवून तो बिकट मार्ग पार केला, आणि गिअरच्या पुरस्कर्त्यांना मोठा हर्ष झाला. परंतु आंरी देग्रांज या वृत्तपत्र-संपादकाला तो रुचला नाहीं. देग्रांज हा स्वतः नांवाजलेला स्वार होता. १८९३ मध्यें पॅरिसच्या धावपट्टीवर त्यानें एका तासांत ३५ किलोमीटर ३२५ मीटर अंतर तोडलें होतें. त्यानें लिहिलें त्याचा आशय असा कीं, गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांनीं वापरावेत. स्नायूंच्या बळावर मिळविलेला विजय हा यंत्राच्या करामतीनें मिळविलेल्या विजयाहून श्रेष्ठ होय. पुढच्याच वर्षीं, १९०३ मध्यें, आपल्या पत्राचा खप वाढविण्यासाठीं त्यानें 'तूर द फ्रान्स' ही स्पर्धा काढली, आणि आपलें मत नियमांच्या रूपानें हजारों किलोमीटर रस्त्यावर पसरून ठेविलें.

१९१० सालापासून ही स्पर्धा तूरमालेवरून जाऊं लागली. तेथें त्या काळच्या स्वारांची गति काय होई, हें ऐकण्यासारखें आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस एकेक चक्र असे, एक सपाटीसाठीं व एक चढणीसाठीं. खिंडीच्या पायथ्याशीं उतरावयाचें, मळसूत्र सैल करून चाक काढावयाचें, उलटें करून बसवावयाचें, साखळीचा ताण पुन्हां बघावयाचा. आणि माथ्यावर थंडीनें बोटें काकडलेलीं असतां हाच विधि उलट्या क्रमानें करावयाचा. मनुष्यबळाची पराकाष्ठा व्हावी म्हणून नियमच असा होता कीं, दुरुस्तींत दुसऱ्याची मदत घेतां कामा नये. १९१३ मध्यें तूरमालेच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. तो सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरांहून अधिक चालत सेंत मारी द कांपां या खेड्यांत लोहाराच्या भट्टीवर गेला आणि परीक्षकांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हातांनीं चिमटा घडवून त्यानें सायकल उभी केली. एका पोरानें भट्टीचा भाता तेवढा हलविला. एवढ्यासाठीं क्रिस्तोफच्या माथीं दंडाचीं मिनिटें मारण्यांत आलीं! क्रिस्तोफच्या निष्ठेपुढें मान लवते, यांत शंका नाहीं. परंतु ज्या नियमापायीं भाता हलविणारें पोर हा अपराध ठरतो, त्या नियमाची कींव आल्यावांचूनही राहवत नाहीं.

इकडे हौशी प्रवासी मात्र या नियमांची वाट पाहत थांबले नव्हते. शिक्षक, कारकून, दुकानदार, पोक्त बायाबापे व्हेलोसिओच्या मागोमाग गिअर लावून डोंगर पालथे घालूं लागले. त्यांना तो उपदेश करी तोही मजेचा होता: भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, आणि केवळ प्रौढी मिरवण्यासाठीं कधीं पायडल मारूं नये. शेवटलें वचन मला आमच्या कात्रजच्या बोगद्याशीं कोणीं ऐकविलें असतें, तर किती बरें झालें असतें!

१९३० च्या फेब्रुवारींत, वयाच्या ७६ व्या वर्षीं, सेंत एतिएनच्या रस्त्यांत सायकल हातीं धरून चालत असतां ट्रामचा धक्का लागून व्हेलोसिओ मरण पावला. देग्रांजनें १९३६ मध्यें प्रकृतीच्या कारणानें स्पर्धेचीं सूत्रें खालीं ठेविलीं. आणि १९३७ सालीं तूर द फ्रान्समध्यें प्रमुख संघांच्या स्वारांना साखळी सरकविणारा गिअर वापरण्याची मोकळीक मिळाली. त्या वर्षीं रोजे लापेबी हा गिअरच्या सायकलीवर विजयी झाला. जें शिक्षकांना आणि दुकानदारांना कित्येक वर्षें ठाऊक होतें, तें शेवटीं वीरांनींही मान्य केलें. सुधारणा वरून खालीं झिरपत येते असें आपण समजतों; येथें ती हौशी माणसांकडून वर चढत गेली. घाटाच्या कथेला हें शोभलेंही.

देग्रांजच्या पक्षाचा एक आक्षेप मात्र खरा होता, आणि तो लपविणें योग्य नव्हे. जितके भाग अधिक, तितकी निगा अधिक. जुनी एकेरी सायकल पावसाळाभर अंगणांत पडली तरी कुरकुरत कां होईना, चालत असे. गिअरच्या सायकलीला हा आळस सोसत नाहीं. साखळी ताणली गेली, असें आपण म्हणतों. वस्तुतः पोलाद ताणत नाहीं, सांध्यांतले खिळे झिजतात व प्रत्येक सांधा केसभर लांबतो. ही झीज मोजण्यास मिस्त्रीही लागत नाहीं. साखळीचे सांधे अर्ध्या अर्ध्या इंचावर असतात; तेव्हां पट्टी धरून चोवीस सांध्यांची लांबी मोजावी. ती बरोबर १२ इंच भरली तर साखळी निरोगी. सव्वाबारापर्यंत जाण्याची वाट पाहूं नये, बारा इंच अर्धें सूत झाली कीं ती बदलावी. न बदलल्यास ती चक्रांचे दाते खाऊन त्यांना आंकड्यांसारखा आकार देते, आणि मग नवी साखळीही त्यांवरून घसरते. तेल घालावें तें थेंबाथेंबानें, सांध्यांच्या आंत. वरचें कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावें, कारण बाहेरचें तेल वंगणाचें काम न करितां धूळ गोळा करण्याचें काम करितें. आठवड्यांतून दहा मिनिटें एवढेंच हें काम आहे. घाट चढण्याचा हा कर आहे म्हणा. आणि गुडघ्यांनीं भरण्यापेक्षां तो फडक्यानें भरणें केव्हांही स्वस्त.

आतां पुण्यामुंबईकडे गिअरच्या सायकली घरोघरीं दिसतात. मध्यंतरीं एका सकाळीं मी मोटारींतून कात्रजच्या जुन्या घाटानें जात होतों. पुढें एक साठीच्या घरांतल्या बाई सायकलीवर चालल्या होत्या. बैठकीवरून उठत नव्हत्या, हँडलाशीं झुंजत नव्हत्या. पाय हलके हलके फिरत होते आणि सायकल चालण्याच्या वेगापेक्षां थोड्याच अधिक वेगानें, पण न थांबतां, वर जात होती. बोगद्याशीं मीं मोटार थांबविली. पूर्वीं जेथें बसून आम्ही हंसत असूं, त्याच कठड्यापाशीं उभा राहिलों. थोड्या वेळानें त्या बाई आल्या, माझ्याकडे पाहून किंचित् हंसल्या आणि न उतरतां पुढें निघून गेल्या.

माझा मित्र आतां हयात नाहीं. तो असता, तर त्याला मीं तेथें नेऊन उभें केलें असतें, आणि म्हटलें असतें, "गड्या, तुझ्यांत जोर कमी नव्हता. चक्राचे आठ दाते कमी पडले होते."