कार्टूनची भाषा आणि खानदेशातली मुलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धुळ्या-जळगावच्या कोणत्याही गल्लीत संध्याकाळी मुलांचा खेळ ऐका. भांडण अहिराणीत किंवा लेवा बोलीत चालतं, ‘काय करी ऱ्हायना रे?’ असं. पण खेळात कोणी राजा झाला, कोणी राक्षस झाला, की संवाद हिंदीत सुरू होतात. हे कुठून आलं, याचा शोध घेताना मला मुलांच्या टीव्हीचा इतिहास चाळावा लागला.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यावरचा ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम त्या पिढीला अजून आठवतो. पण तो बघणारी मुलं मुख्यतः मुंबई-पुण्याकडची. आपल्या भागात टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकात, जेव्हा देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. अशा प्रक्षेपकांवरून सुरुवातीला मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम दिसत. मराठी ‘किलबिल’ आपल्या मुलांना दुर्मीळच राहिली. ‘विक्रम और बेताल’ मात्र घरोघरी पोहोचला. १९९३ मध्ये आलेला मोगली तर मूळचा जपानी कार्टूनपट, पण तोही बोलला हिंदीत.

मग केबल आली. १ मे १९९५ रोजी, नेमक्या महाराष्ट्रदिनी, भारतात ‘कार्टून नेटवर्क’ सुरू झालं. सुरुवातीला ते इंग्रजीत होतं, पुढे हिंदीतही बोलू लागलं. २००४ हे साल तर बालवाहिन्यांचंच म्हणावं लागेल. जानेवारीत ‘पोगो’, सप्टेंबरात ‘हंगामा’ आणि डिसेंबरात ‘डिस्ने’. यातली ‘हंगामा’ मुंबईच्या यूटीव्ही कंपनीने काढली होती. मुलांसाठी देशी कंपनीने पूर्ण वेळची वाहिनी काढावी, हे मोठंच धाडस. पण मुंबईत जन्मलेली ही वाहिनीही मराठी बोलली नाही. २००६ मध्ये ती डिस्नेने विकत घेतली. ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ ही जपानी मुलं खानदेशातल्या घरांत आली ती हिंदी बोलत.

असं का झालं? बालवाहिनीचा मोठा आधार जाहिराती असतात. बिस्किट-चॉकलेटवाले प्रेक्षक मोजून पैसे देतात. एका हिंदी आवाजात राजस्थानपासून बिहारपर्यंतची मुलं मिळतात. मराठी मुलाला हिंदी कळतं, म्हणून तोही त्याच हिशेबात धरला गेला. तमिळ मुलाला हिंदी कळत नव्हतं, म्हणून सन नेटवर्कला २००७ मध्ये ‘चुट्टी टीव्ही’ काढावासा वाटला. त्यानंतर तेलुगू, कन्नड आणि मल्याळम मुलांनाही त्यांच्या वाहिन्या मिळाल्या. म्हणजे दुसऱ्याची भाषा समजते, या आपल्या गुणामुळेच आपल्या मुलांच्या भाषेचं नुकसान झालं. काही वाहिन्यांनी मराठी आवाज जोडला, तो फार उशिरा. अहिराणीचा तर प्रश्नच आला नाही.

मी हिंदीला दोष देत नाही. खानदेशाला मध्य प्रदेशाची सीमा लागून आहे, भुसावळच्या रेल्वे वसाहतीत अनेक भाषा नांदल्या. हिंदी आपल्याला परकी नाही. मुलाला एक भाषा जास्त आली, तर त्यात नुकसान नाही. नुकसान वेगळंच आहे. गोष्ट ऐकण्याची, शूर होण्याची, हसण्याची भाषा एक आणि जेवायला बोलावण्याची, रागावण्याची भाषा दुसरी, असं झालं की घरची बोली मुलाला फक्त कामापुरती वाटू लागते.

याच खानदेशात अमळनेरला साने गुरुजींनी १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं होतं. शाळेत शिकवणारा एक शिक्षक, त्याच्यापाशी भांडवल ते काय असणार? पण मुलांशी आपणच बोललं पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. असोद्याच्या बहिणाबाईंनी तर आपल्या बोलीत किती मोठं सांगता येतं, हे दाखवूनच दिलं.

वाहिनी काढणं तुमच्या-माझ्या हाती नाही. टीव्ही बंद ठेवूनही फार काही साधत नाही. पण रात्री दिवा मालवण्याआधी एक गोष्ट घरच्या बोलीत सांगता येते. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली, की अंगणात आजी आपोआप गोष्ट सांगायला बसायची. त्यासाठी वीज जाण्याची वाट कशाला पाहायची?