दिसलं नाही म्हणजे नाही का? : उपचारानंतरच्या मॅमोग्राफीचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा वाटेल, पण त्यातला प्रश्न आम्हा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार संपतात, बाई घरी येते, आणि दर वर्षी तिला मॅमोग्राफीला बोलावतात. अहवाल हाती येईपर्यंत घरात कुणाला नीट झोप लागत नाही. अहवालात असतं, 'संशयास्पद काही आढळलं नाही.' या वाक्यावर किती विसंबायचं?

आधी इतिहास बघू. १९१३ साली बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सॉलोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३००० स्तनांची क्ष-किरण चित्रं तपासली. रोग कसा पसरतो हे त्यांना त्यात दिसलं. पण तो अवयव शरीरापासून वेगळा झालेला होता. जिवंत स्त्रीच्या स्तनाचं भरवशाचं चित्र मिळायला बराच काळ जावा लागला. १९६० साली ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी असं तंत्र मांडलं, की ते इतर रुग्णालयांनाही वापरता यावं.

तोवर शस्त्रक्रिया हॉल्स्टेड यांच्या पद्धतीची होती. स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळंच काढायचं. मग १९७३ मध्ये मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर चाचणी सुरू केली. गाठ लहान असेल तर स्तनाचा चौथा भाग काढून किरणोपचार दिले तर चालेल का? चाललं. वीस वर्षांनंतरही दोन्ही गटांतल्या स्त्रियांचं जगण्याचं प्रमाण सारखंच होतं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनाही हेच आढळलं. स्तन वाचला, आणि वाचला म्हणूनच आता त्यावर नजर ठेवणं आलं. दुसऱ्या बाजूचा स्तन तर होताच.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. कुमारिल भट्टांच्या परंपरेत 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानलेलं आहे. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण तिथे अट आहे योग्यतेची. घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, तर घट नाही असं म्हणता येत नाही. मॅमोग्राफीचं अगदी असंच आहे. घट्ट ऊती चित्रात पांढरी दिसते, गाठही पांढरी दिसते. शिवाय शस्त्रक्रियेचा व्रण, किरणोपचाराची सूज, कॅल्शियमचे कण यांनी चित्र गढूळ होतं. म्हणून उपचारानंतरचं पहिलं चित्र तुलनेसाठी फार मोलाचं. पुढच्या प्रत्येक वेळी जुन्या फिल्म्स बरोबर न्याव्यात त्या याचसाठी. आणि अहवाल चांगला आला तरी हाताला नवीन काही लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, डॉक्टरांना लगेच दाखवायचं.

मग जितकं जास्त शोधू तितकं चांगलं, असं कुणी म्हणेल. इटलीत दोन चाचण्यांनी हेच तपासलं, निष्कर्ष १९९४ मध्ये आले. एका गटाला ठरलेली तपासणी आणि मॅमोग्राफी. दुसऱ्या गटाला त्याशिवाय हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे वगैरे. जास्त तपासण्यांमुळे आयुष्य वाढलं नाही. कारण सरळ आहे. दूर पसरलेला रोग काही महिने आधी कळल्याने तेव्हाच्या उपचारांत शेवट बदलत नव्हता. स्तनात परतलेली किंवा दुसऱ्या स्तनात नव्याने आलेली लहान गाठ मात्र बरी होऊ शकते. म्हणून मॅमोग्राफी दोन्ही गटांत ठेवलेली होती.

आणि दर वर्षीच का? ब्रिटनच्या 'मॅमो-५०' चाचणीत पन्नाशी ओलांडलेल्या, शस्त्रक्रियेला तीन वर्षं झालेल्या ५२३५ स्त्रिया होत्या. स्तन राखलेल्यांना दोन वर्षांनी, पूर्ण काढलेल्यांना तीन वर्षांनी बोलावलं, तरी दर वर्षी येणाऱ्यांच्या तुलनेत नुकसान दिसलं नाही. पण हा निष्कर्ष त्या वयाच्या, त्या टप्प्यावरच्या स्त्रियांचा आहे. तरुण स्त्रियांना तो लावता येत नाही. आपली तारीख आपण परस्पर पुढे ढकलायची नाही, डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं.

तेव्हा 'आढळलं नाही' याचा अर्थ, आज, या उजेडात, जुन्या चित्राशी ताडून पाहता काही दिसलं नाही. कायमची हमी त्यात नाही. पण पुढच्या तारखेपर्यंत घरात हसूनखेळून राहायला ते पुरेसं आहे, आणि तेवढं आपण त्या बाईला मोकळ्या मनाने द्यावं.