हात कामात, मन कुठे?

नागपुरात सदरहून छावणी ओलांडून कोराडी रस्त्याला लागलं की प्रादेशिक मनोरुग्णालय येतं. तिथल्या चौकाला नागपूरकर अजूनही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. १८५८ च्या कायद्यानंतर इंग्रजांनी ठिकठिकाणी ‘लुनॅटिक असायलम’ उभारली, त्यांतलं हे १८६४ चं. मध्य प्रांतातलं असं दुसरं ठिकाण जबलपूरला. आजची औषधं तेव्हा नव्हती, भरवसा होता तो कामावर. अशा संस्थांतले रुग्ण बाग खणत, दळण दळत, कापड विणत. किती जणांना कामाला लावलं आणि त्यातून किती पैसे आले, याचे तक्ते वार्षिक अहवालांत छापले जात. सरकारचा खर्च वाचवणं हा हेतू होताच, पण हात गुंतले की मनही थाऱ्यावर येतं, अशी समजूतही त्यामागे होती. रिकामं डोकं सैतानाचं घर, हे आपणही म्हणतोच.

ही समजूत अर्धीच खरी आहे. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसातून अवचित गाठून आयफोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. एकाच माणसाच्या सुखातल्या चढउतारांपैकी ४.६ टक्के तो काय करतोय यावरून उलगडत होते, तर मन हातातल्या कामात आहे की नाही यावरून १०.८ टक्के. म्हणजे काम लावून दिल्यानं मन तिथे येतंच असं नाही. थेट मनाकडे वळण्याचा मार्ग आपल्याकडे जुनाच आहे: सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ रचले, ते २०५ श्लोक थेट मनाशीच बोलतात. हातांना गुंतवण्यापेक्षा हा रस्ता मुळाच्या जास्त जवळचा.

यावर कोणी म्हणेल, गंभीर मनोविकार वेगळा आणि रोजचं भरकटणं वेगळं. ते खरंच आहे. भरकटणं हा रोग नव्हे आणि मन लावून काम केल्यानं मनोविकार बरा होत नाही. इथे तपासायची आहे ती फक्त कामामागची समजूत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मन उदास असतं म्हणून भटकतं, भटकतं म्हणून उदास होत नाही. किलिंग्जवर्थ-गिल्बर्ट यांच्या नोंदींत आधी भटकणं आणि मग खिन्नता, असाच क्रम मुख्यतः दिसला. पण नंतरच्या काही अभ्यासांत उलटा क्रमही आढळला, तेव्हा हा वाद मिटलेला नाही. शिवाय सुखद विचारांत रमलेले लोक कामात रमलेल्यांहून दुःखी नव्हते. खाली गेले ते नकोशा विचारांत अडकलेले, आणि काही प्रमाणात ना सुखाच्या ना दुःखाच्या विचारांत हरवलेलेही. म्हणून मन भटकलं का, एवढंच विचारून भागत नाही, ते कुठे गेलं हेही विचारायला हवं. असायलमच्या तक्त्यांत त्यासाठी रकाना नव्हता. तिथे मोजले जात ते कामाला लागलेले हात.